करकदे म्हणजे जास्वंदीचा चहा नव्हे

इजिप्तमधल्या पेयांच्या या चर्चेत वर कुणीतरी 'करकदे म्हणजे जास्वंदीच्या पाकळ्यांचा चहा' असं लिहिलंय. कूळ जास्वंदीचंच, पण झाड वेगळं. ती आपली लाल अंबाडी. आणि त्या पाकळ्याही नव्हेत. फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जो लाल, मांसल पुष्पकोश उरतो, तो वाळवतात. इजिप्तमधल्या अस्वान शहराच्या बाजारात पोत्यातून चिमूटभर उचलून तोंडात टाकला होता: काळपट लाल, चामट आणि आमसुलासारखा आंबट. तो उकळतात किंवा गार पाण्यात भिजत घालतात, मग साखर. भरपूर म्हणजे अगदी दात शिवशिवतील इतकी. अंबाडीच्या बोंडांचं सरबत ज्यांनी प्यायलंय त्यांना चव ओळखीची वाटेल.

इर्कसूसचा मात्र अजून कुणी उल्लेखच केला नाही! ज्येष्ठमधाचं पेय, रमजानात विशेष खप. कैरोत विकणारा भलंमोठं भांडं पट्ट्याने पोटाशी बांधून, हातातल्या पितळी झांजा वाजवत फिरतो. ज्येष्ठमधाची पूड किंचित खायचा सोडा घालून, पाणी शिंपडून ओलसर करतात. रंग गडद झाला की फडक्यात बांधून वरून हळूहळू पाणी सोडायचं, खाली थेंब थेंब गळतं ते इर्कसूस. पेल्यात उंचावरून ओततात, त्यामुळे वर ताकासारखा फेस येतो. पहिला घोट मला थेट आजीच्या खोकल्याच्या काढ्याकडे घेऊन गेला, पेला कसाबसा संपवला. रक्तदाब असलेल्यांनी जपून, ज्येष्ठमधाने तो वाढतो.