काट्यावरचं सॉफ्टवेअर: डेटाबेस बोलतो ते कोडानं ऐकावं का?

कापूसकोंड्या (दर्यापूर)

मंडळी, मतं मागतोय, पण माझं मत ठरलेलं आहे हे आधीच सांगतो.

आमच्याकडच्या जिनिंगांसाठी मी काटा-पट्टीचं वेब ॲप सांभाळतो. मागे एसक्यूएल सर्व्हर, पुढे डॉट नेट. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, दर, पट्टी (शेतकऱ्याची हिशेबाची पावती), हा सगळा हिशेब स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेल्या कोडात. हीच प्रोसीजर मॅनेजमेंट स्टुडिओत, म्हणजे डेटाबेस थेट हाताळायच्या प्रोग्राममध्ये, चालवली की खाली मेसेजेसच्या खिडकीत ती भरभरून बोलते. 'ओलावा १२ टक्क्यांच्या वर, दर तपासा.' 'याच शेतकऱ्याची आजची दुसरी गाडी.' ॲपमधून चालवली की तोंडातून शब्द नाही.

खरं तर निरोप ॲपपर्यंत आलेला असतोच, तो घ्यायला तिथे कोणी नसतं. कनेक्शनच्या इन्फोमेसेज इव्हेंटला एक हँडलर, म्हणजे निरोप आला की चालणारा कोड, जोडा, मग कमांड चालवा. प्रिंट आणि रेझएरर या प्रोसीजरमधून निरोप पाठवायच्या दोन आज्ञा. प्रिंटचा मजकूर आणि तीव्रता (निरोप किती गंभीर याचा आकडा) १० किंवा त्याखालचे रेझएरर सगळे तिथे येतात. नुसता मजकूर नाही, निरोपाचा क्रमांक, प्रोसीजरचं नाव आणि ओळ क्रमांकही. ११ पासून पुढे मात्र ती चूक धरली जाते आणि एक्सेप्शन येतं, म्हणजे कोड तिथेच अडतो.

माझं म्हणणं, हे निरोप कोडानं पकडावेत आणि काट्यावरच्या ऑपरेटरला दाखवावेत. साइटवर मी मॅनेजमेंट स्टुडिओ देणार नाही, पासवर्ड तर नाहीच नाही. रिमोट घ्यावं तर ऐन हंगामात लाईन गेलेली. मग फोनवर 'काय दिसतंय' विचारायचं आणि समोरून उत्तर यायचं, 'काईच नाई.'

काटेकोर (हिंगणघाट)

भाऊ, पकडण्याला हरकत नाही. दाखवण्याला ठाम विरोध.

प्रिंट हे प्रोग्रामरनं स्वतःसाठी लिहिलेलं असतं. ओलावा १२ च्या वर गेला ही धंद्यातली गोष्ट आहे. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ ते १२ टक्के ओलाव्याचा हिशेब असतो, ८ च्या वर कपात आणि १२ च्या वर माल परत. इतकी महत्त्वाची गोष्ट तुम्ही मजकुरात गुंडाळून बाजूच्या वाटेनं का पाठवता? तिला आउटपुट पॅरामीटर (प्रोसीजरनं परत द्यायचं मूल्य) द्या, नाहीतर निकालात एक रकाना द्या. उद्या तुमच्या हाताखालचा पोरगा 'तपासा' काढून 'बघा' लिहील आणि मजकूर शोधणारा तुमचा कोड मुका होईल. कोणाला कळणारही नाही.

कापूसकोंड्या

मजकूर शोधतोय कोण? क्रमांक आहे ना! एसपी ॲडमेसेज या सर्व्हरच्या आज्ञेनं ५०००० च्या वरचे स्वतःचे क्रमांक नोंदवता येतात. रेझएररला तो क्रमांक द्यायचा, कोडात क्रमांकावर निर्णय घ्यायचा. पोरगा शब्द बदलो की वाक्य.

काटेकोर

आणि ते क्रमांक राहतात कुठे? मास्टर डेटाबेसमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या पातळीवर. जिनिंगवाल्यानं नवीन मशीन घेतलं, तुम्ही तुमच्या डेटाबेसचा बॅकअप तिकडे चढवला, की क्रमांक जुन्या मशीनवरच राहिले. पहिली ओली गाडी आली की रेझएरर म्हणणार, असा निरोप माझ्याकडे नाही. आपल्याकडे मशीन बदलतं ते वीज पडून नाहीतर उंदरानं वायर कुरतडून. तेव्हा कोणाला आठवतं की मास्टरमधलंही काही न्यायचं होतं?

पूर्णाथडी (अकोट)

दोघांच्या भांडणात एक धोका राहून जातोय. तो आमच्या तालुक्यात घडलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. संस्थेचं नाव घेत नाही.

इन्फोमेसेज मूळ अवस्थेत लगेच बोलत नाही, प्रोसीजर संपल्यावर सगळं एकदम ओततो. तिथल्या प्रोग्रामरला स्क्रीनवर 'इतक्या पट्ट्या झाल्या, इतक्या राहिल्या' असं चालतं दाखवायचं होतं. त्यानं शोधाशोध केली आणि कनेक्शनवरचं फायर इन्फोमेसेज इव्हेंट ऑन युजर एरर्स हे प्रॉपर्टीचं बटण चालू केलं. सोबत प्रिंटऐवजी रेझएरर विथ नोवेट (न थांबता लगेच पाठव), कारण प्रिंट सर्व्हरच्या बफरमध्ये साचून राहतं. निरोप एकेक करून येऊ लागले. सगळे खूश.

त्या बटणाचा दुसरा अर्थ मात्र कोणी वाचला नाही. ते चालू असलं की एरवी एक्सेप्शन म्हणून येणाऱ्या नेहमीच्या चुकाही निरोप बनूनच येतात. तीव्रता १७ किंवा वर असेल आणि सर्व्हरनं कामच थांबवलं, तरच एक्सेप्शन. एक दिवस एकच पट्टी क्रमांक दोनदा गेला. प्रायमरी की, म्हणजे एक क्रमांक एकदाच हा नियम, मोडली, चूक क्रमांक २६२७, तीव्रता १४. म्हणजे एक्सेप्शन नाही, नुसता निरोप. हँडलरनं तो स्क्रीनवरच्या हिरव्या पट्टीत इतर निरोपांच्या रांगेत दाखवला आणि कोडानं पुढे जाऊन 'नोंद झाली' म्हटलं. शेतकऱ्याच्या हातात छापील पट्टी, डेटाबेसमध्ये ओळच नाही. पैसे घ्यायला माणूस आला तेव्हा उजेड पडला, आणि तोपर्यंत काट्यावरचा पोरगा पैसे खाल्ल्याच्या संशयात सापडला होता.

म्हणून ऐका जरूर, पण हँडलरमध्ये प्रत्येक निरोपाची तीव्रता बघा आणि १० च्या वर दिसली तर स्वतः एक्सेप्शन फेका. हे जमत नसेल तर ते बटण बंदच ठेवा.

मुनीम (आर्वी)

मी कोड लिहित नाई, मी वापरतो. म्हणून माह्यं बी आयका.

दसऱ्यापासून आमच्या गेटावर गाड्या लागतेत. रात्री अकरा वाजता मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवते, अन् स्क्रीनवर येते 'नल व्हॅल्यू इज एलिमिनेटेड बाय ॲन ॲग्रिगेट'. आता मले सांगा, मी काय करू याचं? गाडी खाली करू का थांबवू? पोरगा म्हने सायेब, हे वॉर्निंग हाये, जाऊ द्या. मंग दाखवता काहून? असं दहा डाव दाखवलं की अकराव्या डावाले खरी गोष्ट आली तरी आमी ओके दाबतो.

अन् दुसरं, मराठीत निरोप देतो म्हनून सांगतलं होतं. आलं काय तर नुसते प्रश्नचिन्ह. ओळभर.

पूर्णाथडी

मुनीमजी, प्रश्नचिन्हांचा उपाय एका अक्षराचा आहे. प्रिंटमध्ये मराठी मजकुराच्या अवतरणाआधी मोठा एन लावायचा राहिला. तो नसला की सर्व्हर मजकूर डेटाबेसच्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या मर्यादित तक्त्यात) कोंबायला जातो, तिथे देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह. २०१९ च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ कोलेशन (सगळ्या लिप्या मावणारं सेटिंग) घेता येतं, त्यात हा त्रास नाही. पण जुन्या डेटाबेसला एनच. एन लावल्यावर प्रिंटची मर्यादा ८००० वरून ४००० अक्षरांवर येते, पट्टीच्या निरोपाला तेवढं पुष्कळ झालं.

नलचा तो निरोप ८१५३ क्रमांकाचा. बेरजेत रिकामा रकाना आला की सर्व्हर आपणहून तो पाठवतो. हँडलरमध्ये गाळून टाकायला सांगा.

अंबानगरी (चांदूर बाजार)

तुम्ही सगळे एकाच सर्व्हरच्या गावात राहता म्हणून ही चर्चा एवढी रंगली. आमच्या पतसंस्थेचं काम पोस्टग्रेसवर आहे. तिथे रेझ नोटीस लिहायचं, पायथॉनमधल्या सायकोपीजी२ च्या कनेक्शनवर नोटिसेस नावाची यादी असते तीत निरोप मिळतात. पण शेवटचे ५० च. मोठी व्याज आकारणी चालवली की सुरुवातीचे निरोप गळून गेलेले. मायएसक्यूएलमध्ये शो वॉर्निंग्ज विचारावं लागतं, तेही त्याच कनेक्शनवर आणि लगेच. मध्ये दुसरी क्वेरी गेली किंवा पूलमधून (तयार कनेक्शनच्या साठ्यातून) दुसरं कनेक्शन हाती आलं की निरोप हरवला. ओरॅकलमध्ये डीबीएमएस आउटपुटमधून ओळी स्वतः उपसून आणाव्या लागतात आणि प्रोसीजर संपेपर्यंत काही हाती लागत नाही.

सांगायचं एवढंच, की रकान्यातून दिलेली माहिती या चौघांकडेही सारखीच येते. निरोपाचं तंत्र मात्र प्रत्येकाकडे नवं शिकावं लागतं. मी काटेकोर भाऊंच्या बाजूनं.

कापूसकोंड्या

मुनीमजींचं दुखणं खरं आहे, ८१५३ पडद्यावर येता कामा नये. पण अंबानगरी, जिनिंगवाला हंगामात डेटाबेस बदलत नाही हो, बेअरिंग बदलायलाही त्याला वेळ नसतो. चारही सर्व्हरवर चालेल असं लिहून मी कोणाला देऊ?

आणि रकानावाल्यांनी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. प्रोसीजर अर्ध्यात फसली, ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे त्यातले सगळे बदल मागे घेतले गेले, तर तुमचा रकाना कुठे जातो? लॉगच्या टेबलात त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिलेली ओळही रोलबॅकमध्ये पुसली जाते. निरोप एकदा सर्व्हरमधून निघाला की तो रोलबॅकनं परत येत नाही. कोणत्या गाडीवर अडलं हे मला फक्त तोच सांगतो.

काटेकोर

टेबल व्हेरिएबलमध्ये (प्रोसीजरपुरत्या तात्पुरत्या टेबलात) लिहा. ते रोलबॅकमध्ये पुसलं जात नाही. कॅच ब्लॉकमध्ये (चूक झाली की चालणाऱ्या कोडात) आधी रोलबॅक करायचं, मग त्या व्हेरिएबलमधल्या ओळी लॉगच्या टेबलात टाकायच्या. वर्षानुवर्षं चालणारी रीत आहे.

कापूसकोंड्या

कॅच ब्लॉक चालला तर! कमांडची वेळ संपली की, मूळ सेटिंग ३० सेकंदांचं, ॲप स्वतःच सर्व्हरला थांब म्हणतं आणि तेव्हा कॅच ब्लॉक चालत नाही. हंगामात माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक टाइमआउटच्याच असतात. तिथे तुमच्या टेबल व्हेरिएबलचा उपयोग काय?

काटेकोर

टाइमआउटपुरतं मान्य. पण मग तो निरोप फाइलमध्ये लिहा, तुम्ही वाचा. ऑपरेटरच्या तोंडावर कशाला? त्यात टेबलांची नावं असतात, प्रोसीजरची नावं असतात, आणि तुमचं ॲप इंटरनेटवर उघडं आहे. आतली रचना बाहेरच्याला फुकट दाखवायची, तर मग पासवर्ड लपवून काय मिळवलं?

कापूसकोंड्या

ठीक. कच्चा निरोप फाइलमध्ये, त्याला एक छोटा संदर्भ क्रमांक. ऑपरेटरला तेवढा क्रमांक दिसेल, तो फोनवर वाचून दाखवील. ओलावा आणि दुसरी गाडी या दोन गोष्टी मात्र स्क्रीनवर राहतील आणि निरोपातूनच येतील. त्यासाठी पंधरा प्रोसीजरींचे निकाल मी या हंगामात बदलत बसणार नाही.

काटेकोर

मग पुढच्या हंगामात बदला. उन्हाळ्यात जिनिंग बंदच असतं.

मुनीम (आर्वी)

फोनवर नंबर वाचाचा असंन तर अक्षरं मोठी ठेवजा. अन् स्क्रीनवरची ओलाव्याची पट्टी लाल करा, हिरवी नोको. लाल दिसली तरच हमाल गाडी सोडाचा थांबते.