आरसे धरून की सोडून?

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार. बेसमेंटमधले पार्किंगचे पट्टे रविवारी नव्याने मारायचे आहेत. खांब हलवता येत नाहीत, त्यामुळे जागा आहे तेवढीच राहील. ज्यांना दार उघडताना अडचण होते त्यांनी गाडीची रुंदी कळवावी, खांबालगतच्या जागा बदलून देतो. फक्त रुंदी कळवा, बाकी चर्चा नको.

अण्णा (सी-१०२): बी-४०४ च्या नव्या गाडीचं तोंड पाहिलंत का कुणी? दिवे बसवायचे राहिलेत बहुतेक.

बी-४०४: अण्णा, दिवे आहेत. खाली बंपरमध्ये. वरची बारीक पट्टी म्हणजे डीआरएल, दिवसाही जळणारा दिवा.

काकू (बी-२०३): मला वाटलं डोळे मिटून झोपलीय.

अण्णा (सी-१०२): मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल दांडा, पुढे बारीक पापण्या. सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच डिझायनर ठेवलाय का? चिन्ह झाकलं तर आपली गाडी कुठली ते मालकालाही सांगता येणार नाही. मग विक्री घसरली की रडतात.

सेक्रेटरी (ए-१०१): अण्णा, तुमच्या गाडीची रुंदी?

ताई (सी-६०१): अण्णा, सारख्या दिसतात हे कबूल. पण त्यातलं बरंचसं डिझायनरच्या हातात नसतं. युरोपात फेब्रुवारी २०११ पासून नव्या मॉडेलना दिवसाही जळणारे दिवे सक्तीचे झाले. जो दिवा दिवसभर दिसणार तोच गाडीची ओळख होणार, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. एलईडीमुळे मोठा दिवाही मुठीएवढा झाला, मग तो खाली ढकलता आला. बॉनेट उंच का? पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर पत्रा दबायला खाली मोकळी जागा हवी, थेट इंजिनवर आदळता कामा नये. गाडी उलटली तर छत टिकायला हवं म्हणून खांब जाड, खांब जाड म्हणून काचा लहान. आणि या सगळ्यावर हवा! वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट. इलेक्ट्रिक गाडीत तर त्याची वजाबाकी थेट रेंजमधून, म्हणजे एका चार्जमध्ये कापायच्या अंतरातून होते. हवेच्या चाचणीच्या एकाच बोगद्यात, एकाच वाऱ्यासमोर उभ्या केल्या की सगळ्या गाड्या चुलत बहिणी होतात.

ताई (सी-६०१): आणि वाऱ्याचं फार ऐकलं तरी पंचाईत. मर्सिडीजची इलेक्ट्रिक ईक्यूएस घ्या. तिचा हवाविरोधाचा गुणांक ०.२०. तो जितका कमी तितका बरा, म्हणजे हा विकायला ठेवलेल्या गाड्यांत अगदी वरच्या रांगेतला. दिसायला मात्र वापरून गुळगुळीत झालेली साबणाची वडी. गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं. शेवटी २०२४ मध्ये तिला पुढे जाळीसारखं तोंड आणि बॉनेटवर उभा तारा मिळाला. इलेक्ट्रिक गाडी ती, त्या जाळीतून हवेने आत जाऊन करायचं काय? पण रुबाब हवा ना.

अण्णा (सी-१०२): म्हणजे माझंच खरं. दिसणं बिघडलं की खप बिघडतो. हे बघा, आजच आलंय:

*‼ जॅग्वारचा नवा लोगो आणि गुलाबी गाडी लोकांनी नाकारली ‼ युरोपात विक्री तब्बल ९७ टक्के कोसळली ‼ पुढे पाठवा ‼*

काका (ए-३०२): अण्णा, आकडा खरा, कारण खोटं. एप्रिल २०२५ मध्ये युरोपात ४९ जॅग्वार नोंदल्या गेल्या, आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये १,९६१. घसरण ९७ टक्क्यांच्या वरच आहे. पण कंपनीने जुनी मॉडेलं स्वतःहून बंद केली होती, आणि ती गुलाबी गाडी तर डिसेंबर २०२४ मध्ये नुसती दाखवायला ठेवलेली कॉन्सेप्ट. तिच्यावरून येणारी नवी गाडी तेव्हा विक्रीला आलीच नव्हती. फळीवर मालच नाही, तर नाकारला कुणी आणि काय?

अण्णा (सी-१०२): मग मेसेजमध्ये तसं का नाही लिहिलं?

काकू (बी-२०३): उद्गारचिन्हांनी जागा खाल्ली.

काका (ए-३०२): मी बावीस वर्षं एका डीलरकडे अकाउंट्स पाहिले. तेव्हापासून ‘विक्री’ हा शब्द वाचला की मी पहिल्यांदा विचारतो, कुणी कुणाला विकली? कारखान्यातून ट्रकवर चढून डीलरच्या यार्डात उतरली की कंपनीच्या वहीत विक्री झाली. ते झालं डिस्पॅच. गिऱ्हाईक किल्ली घेऊन गेलं ती रिटेल. सरकारदरबारी नंबर पडला ते रजिस्ट्रेशन. तिन्ही आकडे वेगवेगळे असतात, आणि बातमी बहुधा त्यातल्या सगळ्यात देखण्या आकड्याची होते.

एका तिमाहीअखेरची गोष्ट सांगतो. दोन दिवसांत अठ्ठेचाळीस गाड्या आमच्याकडे ढकलल्या. यार्ड भरलं, वर्कशॉपची लेन भरली, शेवटी सहा गाड्या सर्व्हिसच्या रॅम्पवर चढवून ठेवल्या. सर्व्हिसला आलेल्या लोकांना आम्ही ‘उद्या या’ म्हणत होतो. पहिल्या तारखेला पेपरात काय? कंपनीची विक्रमी विक्री! त्या अठ्ठेचाळीसांतल्या शेवटच्या गाडीला गिऱ्हाईक मिळालं पाच महिन्यांनी, तोवर तिची बॅटरी दोनदा चार्ज करावी लागली. आणि टार्गेटला चार-पाच कमी पडल्या की डेमोच्या नावाने डीलरनेच नोंदवून टाकायच्या. जर्मनीत तर याला रीतसर नावच आहे, एक दिवसाची नोंदणी.

बी-४०४: काका, म्हणजे माझी गाडीही कुणाच्या रॅम्पवर पाच महिने उभी असेल?

काका (ए-३०२): टायरच्या कडेला चार आकडे असतात ते बघ. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर त्या आठवड्यातले, गाडी त्यानंतरची. अंदाज येतो.

बी-४०४: आत्ताच खाली जाऊन येतो.

सेक्रेटरी (ए-१०१): जाताय तर रुंदीही मोजून या.

ताई (सी-६०१): काका, एक विचारू? टेस्लाचं काय म्हणाल? मॉडेल वाय २०२३ मध्ये जगातली सगळ्यात जास्त खपलेली गाडी. चेहरा २०१९ मध्ये दाखवला तोच, फारसा कुणी हात लावला नव्हता. आमच्या गाड्यांच्या डिझाइनच्या धंद्यात तर तीन-चार वर्षांत फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्यात थोडा बदल, नाही केला तर गाडी शिळी झाली म्हणतात.

काका (ए-३०२): टेस्लाला मधे डीलरच नाही, त्यामुळे ते डिलिव्हरी मोजतात, तेवढा आकडा जरा स्वच्छ. २०२३ मध्ये १८ लाख १० हजारांच्या आसपास, २०२४ मध्ये १७ लाख ९० हजार. वार्षिक आकडा खाली यायची ती पहिलीच वेळ. मग २०२५ च्या सुरुवातीला नव्या चेहऱ्याच्या मॉडेल वायसाठी त्यांनी सगळ्या कारखान्यांतल्या लाइन बदलल्या, आणि त्याच तिमाहीत डिलिव्हरी आदल्या वर्षीपेक्षा १३ टक्क्यांनी कमी. कुणी म्हणालं लाइन बंद होत्या म्हणून. कुणी म्हणालं मालकाच्या राजकारणाने गिऱ्हाईक तुटलं. कुणी म्हणालं चिनी कंपन्यांनी खाल्लं. सगळं एकाच आकड्यात कालवलेलं, कुठल्या कारणाचा वाटा किती ते आता निवडून काढणार कसं?

अण्णा (सी-१०२): मग दिसण्याला काही किंमतच नाही म्हणा!

काका (ए-३०२): आहे की. फोर्ड टॉरस घ्या. १९८६ ची पहिली, गोलसर, तेव्हाच्या चौकोनी खोक्यांमध्ये एकदम उठून दिसली. पुढे १९९२ पासून ती अमेरिकेत सर्वाधिक खपणारी कार. १९९६ मध्ये नवी आणली आणि डिझायनरना लंबगोलाने झपाटलं. दिवे लंबगोल, मागची काच लंबगोल, रेडिओची बटणं बसवली ती चकतीसुद्धा लंबगोल. लोक बिचकले. तरी त्या वर्षी टॉरसच पहिली! कशी? भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांना आणि मोठ्या ऑफिसांना घाऊक विकून, सवलती वाटून. १९९७ मध्ये टोयोटा कॅमरी पुढे गेली ती गेलीच. म्हणजे डिझाइन फसलं ते दिसलं, पण एक वर्ष उशिराने. पहिल्या वर्षाचा आकडा माझ्यासारख्या कुणीतरी नीट इस्त्री करून ठेवला असणार.

ताई (सी-६०१): आणि याच्या अगदी उलट २००१ ची बीएमडब्ल्यू ७ सिरीज. ख्रिस बँगल तेव्हा डिझाइनप्रमुख होता. डिकीचं झाकण दुसऱ्याच गाडीचं आणून वर ठेवल्यासारखं. त्याला कामावरून काढा म्हणून ऑनलाइन सह्यांची मोहीम निघाली होती! आणि ती पिढी तोपर्यंतच्या सगळ्या ७ सिरीजमध्ये जास्त खपली. तसली उंच, वेगळी डिकी पुढे बाकीच्यांनीही गुपचूप उचलली.

बी-४०४: खरं सांगू का ताई, फोटोत माझी गाडी मलाही आवडली नव्हती. प्रत्यक्ष पाहिली आणि तिथेच बुक केली.

ताई (सी-६०१): होणारच. मी सहा वर्षं क्ले मॉडेलिंगला, म्हणजे नव्या गाडीचा मातीचा नमुना घडवण्याच्या कामाला होते. आमची माती म्हणजे मेण घातलेली, ओव्हनमध्ये साठेक अंशांना मऊ करायची आणि फोमच्या सांगाड्यावर थापायची. मोठं कोरकाम मशीन करतं, शेवटचा हात माणसाचा. लवचीक पोलादी पट्टी वाकवून पृष्ठभागाला लावायची आणि पलीकडून उजेड झिरपतो का बघायचं. झिरपला तर तिथे खड्डा. मग वर चकचकीत फिल्म ताणून चढवायची आणि गाडीच्या कडेकडेने हळू चालत जायचं. छतावरच्या ट्यूबलाइटची रेघ पुढच्या चाकावरून निघून दारांवरून मागच्या दिव्यापर्यंत न थरथरता वाहत गेली पाहिजे. एकदा मागच्या दाराच्या कडीखाली ती रेघ जराशी अडखळत होती. अर्धा मिलिमीटर असेल. तीन दिवस घासत होतो आम्ही. हे फोटोत येत नाही हो. फोटोत येतं फक्त तोंड, आणि लोक तोंडावरून शिव्या घालतात.

काकू (बी-२०३): बाहेरून तीन दिवस घासता तसं आतही कुणीतरी बसून बघत जा ना. माझ्या गाडीत समोरच्या काचेवरची वाफ घालवायची तर स्क्रीनवर आधी गाडीचं चित्र, मग हवामान, मग काचेचं चिन्ह. तीनदा बोट. परवा रात्री धो धो पाऊस, समोर ट्रक, काच पांढरीफटक, आणि स्क्रीन विचारतेय की अपडेट आत्ता करू की नंतर? माझ्या जुन्या गाडीत गोल खटका होता. न बघता फिरवायचा. तुमच्या विक्रीच्या आकड्यात मी ‘समाधानी ग्राहक’ असेन. विकत घेतलीय ना!

ताई (सी-६०१): काकू, तुमच्या बाजूने पुरावा आहे. स्वीडनच्या ‘वी बिलएगारे’ मासिकाने २०२२ मध्ये चाचणी घेतली होती. ताशी ११० किलोमीटरला गाडी चालवत चार साधी कामं करायची, रेडिओ लावणं, तापमान बदलणं असली. २००५ च्या व्हॉल्व्हो व्ही-७० ला लागले १० सेकंद, बटणं होती म्हणून. सगळ्यात वाईट नव्या गाडीला ४४.९ सेकंद. आता गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून नियम कडक केलेत. इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना खरीखुरी बटणं किंवा दांड्या नसतील तर पाच तारे अवघड.

काकू (बी-२०३): वाफ नाही का त्या यादीत?

ताई (सी-६०१): नाही.

काकू (बी-२०३): मग त्या कमिटीवर पावसात गाडी चालवणारं कुणी नसेल.

अण्णा (सी-१०२): मुळात बटणं काढली कशाला?

ताई (सी-६०१): स्वस्त पडतं अण्णा. प्रत्येक बटणाला साचा, वायर, चाचणी वेगळी. स्क्रीन एकदा बसवली की बाकी सॉफ्टवेअर. पण शोरूममध्ये ते ‘आधुनिक’ म्हणून विकता येतं.

बी-४०४: टायर बघून आलो. गाडी यायच्या आधी फक्त नऊ आठवडे. काका, चालेल ना?

काका (ए-३०२): उत्तम. ताजी आहे.

बी-४०४: आणि सेक्रेटरी साहेब, रुंदी १८९ सेंटिमीटर. माहितीपत्रकात आहे.

अण्णा (सी-१०२): १८९! १९७४ ची पहिली गोल्फ १६१ होती. माझ्या मेहुण्यांनी वापरली होती, चौघं ऐसपैस बसायचो.

ताई (सी-६०१): आजची गोल्फ १७९ आहे अण्णा. युरोपात नव्या गाड्या दर दोन वर्षांनी सरासरी एक सेंटिमीटर रुंद होतायत. दारात आडव्या धडकेसाठी जाडी, रुंद टायर, त्यात सगळ्यांना एसयूव्ही हवी. २०२३ मध्ये जगात विकलेल्या गाड्यांपैकी जवळपास निम्म्या त्याच होत्या. तुम्ही म्हणता डिझाइन बघून लोक घेतात. स्टुडिओत आम्हाला खपाचे तक्तेच आधी दाखवायचे. उंच गाडी खपतेय, उंच काढा.

सेक्रेटरी (ए-१०१): १८९ लिहून घेतो. जागा २३० आहे, दोन्ही बाजूंना मिळून ४१ उरतात. मग तक्रार कशाची?

काका (ए-३०२): साहेब, माहितीपत्रकातली रुंदी आरसे सोडून असते.

सेक्रेटरी (ए-१०१): का बरं?

काका (ए-३०२): आकडा बरा दिसतो.

काकू (बी-२०३): म्हणजे मी दिलेला १७७ पण आरशांशिवायचा? मग माझी जागा पण बदला.

सेक्रेटरी (ए-१०१): थांबा सगळे. आतापर्यंत आलेल्या बावीस रुंद्या रद्द. उद्या सकाळी आठ वाजता मी टेप घेऊन खाली आहे. गाडी जागेवर ठेवा, आरसे उघडे ठेवा.

बी-४०४: साहेब, माझे लॉक केल्यावर आपोआप मिटतात.

सेक्रेटरी (ए-१०१): मग तुम्हीही खाली या. किल्ली घेऊन.