२५ हजारांत पहिला डीएसएलआर: निकॉन डी७००० की कॅनन ७००डी?

पूर्णाकाठ (वसमत)

नमस्कार मंडळी. परभणीला कृषी विद्यापीठात शिकायलोय, गाव वसमतजवळ. सोयाबीन विकल्यावर वडिलांनी कॅमेऱ्यासाठी २५ हजार दिलेत. त्याच्या वर एक रुपया निघणार नाही. मला दोन गोष्टी करायच्यात. औंढा नागनाथच्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं नीट टिपायचीत. मोबाइलवर नाक-डोळे सगळे सपाट येतात. आणि गावातली बारशी, साखरपुडे करायचेत, म्हणजे वडिलांचे पैसे फिटतील. या पैशात नवा बसंना. जुन्यात दोन समोर आहेत: निकॉन डी७०००, नुसती बॉडी, आणि कॅनन ७००डी, १८-५५ लेन्ससकट. दोघंही १६ हजारांच्या आसपास मागायलेत. मित्र म्हणायलेत, डी७००० हे २०१० चं मॉडेल, त्यात १६ मेगापिक्सेल, एवढं जुनं कशाला? काय करू?

स्टुडिओवाले काका (अंबाजोगाई)

बाळा, डी७००० घे. माझा स्टुडिओ रोलच्या काळापासून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निकॉनच्या डी३२००, डी३५००, डी५३०० अशा स्वस्त बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. त्यांना मोटर आत असलेलीच लेन्स लागते, एएफ-एससारखी. डी७०००च्या बॉडीत मोटर आहे, त्यामुळं ५० एमएम एफ १.८ डी ही जुनी लेन्स तिच्यावर आपोआप फोकस करते. आता ही लेन्स मिळंल कुठं? आपल्याच बीड-लातूर-परभणीच्या लग्नवाल्या फोटोग्राफरांच्या कपाटात. बरेच जण मिररलेसकडं, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडं गेलेत, आणि त्यांना जुन्या लेन्स जोडणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरवर अशा बिनमोटरच्या डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. म्हणून ती बिचारी पडून आहे. तालुक्याच्या ठिकाणी चार स्टुडिओंत नुसतं विचारून बघ.

बारसं घरात असतं, वर एक ट्यूबलाइट, पाळण्याभोवती बायकांची गर्दी. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५, ५५ ला एफ ५.६ च्या वर उघडत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड (ॲपर्चर) मोठं. एफ १.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो. जिथं किट लेन्सला १/१५ सेकंद लागतो आणि बाळाचा हात हलून येतो, तिथं तुझं काम १/१२५ ला होतं. गिऱ्हाइकाला १६ आणि २४ मेगापिक्सेलमधला फरक बारा इंची छापील फोटोत दिसत नाही, पण हललेला हात लगेच दिसतो. एकच ध्यानात ठेव, या बॉडीवर ५० ची चौकट ७५ सारखी आवळते. छोट्या खोलीत भिंतीला टेकून उभं राहावं लागंल. पुढं पैसे आले की १८-५५ घे.

शिल्पाचं म्हणशील तर ते सपाट येतं त्यात मोबाइलचा दोष थोडा, वेळेचा जास्त. पूर्वेच्या भिंतीवर सकाळचं ऊन थेट आदळतं, सावलीच पडत नाही. अकराच्या पुढं तेच ऊन भिंतीला घासून खाली उतरतं आणि दागिन्यांची एकेक घडी वर येते. दक्षिणेच्या भिंतीला हिवाळ्यात सकाळी लवकर जा. आधी मोबाइल घेऊनच एक पूर्ण दिवस तिथं बस आणि कुठली भिंत कधी उजळते ते टिपून ठेव. याला पैसे लागत नाहीत.

लातूरची उज्ज्वला

काका, मला ७००डी बरा वाटतो. हल्ली बारशाला लोक व्हिडिओ मागतात. ७००डीचा स्क्रीन बाहेर वळतो, टच आहे, माइक जोडता येतो, आणि एसटीएम लेन्स असली तर व्हिडिओत फोकस शांतपणे सरकतो. डी७०००चा व्हिडिओतला फोकस फार रखडतो. शिवाय कॅननच्या प्रत्येक ईएफ लेन्समध्ये मोटर असते, त्यामुळं ही चालंल का, ती चालंल का, हा प्रश्नच नाही. पूर्णाकाठ, तुझ्या मित्रांकडं, गावातल्या फोटोग्राफरकडं कुठली कंपनी आहे? पहिली दोन वर्षं लेन्स मागून आणायची असते. ज्या कंपनीची लेन्स हक्कानं मागता येईल, ती घे.

पूर्णाकाठ (वसमत)

ताई, व्हिडिओ आमच्याकडं घरातलीच पोरं मोबाइलवर काढतात, मला फोटोच मागतात. आणि वसमतला ओळखीच्या एका दादाकडं निकॉनच्या दोन लेन्स आहेत. म्हणून मन डी७०००कडं झुकायलंय. काका, विकणारा म्हणतो "कमीच वापरलाय". ते ओळखायचं कसं?

स्टुडिओवाले काका (अंबाजोगाई)

उज्ज्वलाताईंचं व्हिडिओचं म्हणणं खरं आहे. व्हिडिओ करायचा असता तर मीही ७००डीच सांगितला असता.

आता तपासणी. स्वतःचं कार्ड आणि दादाची एक लेन्स घेऊन जा. एक फोटो काढ आणि मूळ फाइल कॉम्प्युटरवर एक्झिफ (फोटोसोबत साठलेली कॅमेऱ्याची माहिती) दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघड. निकॉन शटर किती वेळा पडलं ते फाइलमध्येच लिहितो. डी७०००चं शटर कंपनीनं दीड लाखापर्यंत तपासलेलं आहे. आकडा लाखाच्या पुढं असला तर किंमत पाड, दीड लाखाच्या जवळ असला तर परत ये. मग एफ १६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढ. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. आपल्याकडं उन्हाळ्यात ती बसतेच, साफ होते, घाबरू नको. कार्डाचे दोन्ही स्लॉट चालवून बघ. बिलावरचा आणि बॉडीखालचा नंबर जुळव.

लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत बघ. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नको. आपल्या कोरड्या हवेत ती कमी धरते, पण माल मुंबई-कोकणातून आलेला असला तर दोनदा बघ.

आणि डी लेन्स लावल्यावर स्क्रीनवर 'एफईई' आलं तर कॅमेरा बिघडला समजून परत करू नको. लेन्सवरची ॲपर्चरची रिंग २२ वर फिरवून तिथंच लॉक करायची असते. ती केली की फोटो निघतो.