फॉरमॅट मारायची घाई नको

उबुंटू (लिनक्स) २२.०४ वरून २४.०४ वर अपग्रेड करताना मधेच लाईट गेली आणि आता 'कर्नल पॅनिक'वर (म्हणजे सिस्टमचा गाभा, कर्नल, सुरू होतानाच कोसळतोय) मशीन अडकतंय, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी फॉरमॅट मारा सांगितलंय. थांबा जरा, तुमची चादरींची डिझाईन्स त्याच डिस्कवर आहेत ना?

पॅनिकच्या ओळीत 'अननोन-ब्लॉक(०,०)' दिसत असेल तर बहुधा नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाईल (सुरू होताना कर्नलला डिस्क सापडायला लागते ती) बनायच्या आधीच काम तुटलंय. डिस्क ठणठणीत असणार. मशीन सुरू होताना एस्केप (जुन्या बायॉसवर शिफ्ट) दाबून ग्रब (कर्नल निवडायचा मेनू) आणा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. उबुंटू तो लगेच काढून टाकत नाही, हे नशीबच म्हणायचं.

आत शिरलात की आधी डिझाईन्स पेनड्राईव्हवर घ्या. मग '/बूट' (कर्नलच्या फाईली असतात ती जागा) भरलंय का बघा, भरलं असेल तर पुढचं सगळं वाया. मग टर्मिनलमध्ये प्रत्येक कमांडआधी सुडो (ॲडमिनचा अधिकार) लावून, अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन पुरं करायला 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', त्यानंतर 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. शेवटी ती राहिलेली फाईल बनवायला 'अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ऑल' आणि मेनू ताजा करायला 'अपडेट-ग्रब'.

हे सगळं यूपीएसवर करा, सोलापूरच्या मे महिन्यात लाईटचा काय भरवसा! जुना कर्नलही उठला नाही तर लाईव्ह यूएसबीवरून (पेनड्राईव्हवरून चालणारं उबुंटू) सीएचरूट करावं लागेल, म्हणजे तिथून डिस्कवरच्या सिस्टममध्ये शिरून हेच काम. तसं झालं तर स्क्रीनचा फोटो टाका.