थीम पार्कचं पार्किंग: वेगळं कशाला घेता, तिकिटासोबतच दाखवा

पायपीट:
थीम पार्कला जायचं ठरलं की आपण तिकिटाचा आकडा बघून बजेट मांडतो आणि मग पार्किंगच्या बूथवर पोचल्यावर कळतं की हिशोब अजून सुरूच व्हायचाय. मागे गाड्यांची ही भलीमोठी रांग, मुलं मागच्या सीटवर उतावीळ झालेली, तिकिटं फोनमध्ये आहेत आणि ती परत घेत नाहीत, अशा वेळी कोण गाडी वळवून घरी जाणारे? पार्कवाल्यांना हे चांगलंच माहितीये, म्हणून तर पार्किंगचा दर थोड्या थोड्या वर्षांनी बिनधास्त वाढतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं साधं पार्किंग ऑक्टोबर २०२३ मध्ये २५ डॉलरचं ३० झालं, म्हणजे एका झटक्यात २० टक्के वाढ, आणि त्याच जागेवर, त्याच डांबरावर. दाराजवळची जागा हवी असेल तर त्याचे अजून जास्त.
आत गेल्यावर पुढचे प्रकार. राईडवर बॅग न्यायची नाही हा नियम त्यांचाच, सुरक्षेसाठी आहे, मान्य. मग ती ठेवायची कुठे, तर बऱ्याच ठिकाणी पैसे देऊन घेतलेल्या लॉकरमध्ये. रांग कमी करून हवी तर त्याचे वेगळे. माझं म्हणणं एवढंच आहे की जे टाळता येत नाही ते तिकिटाच्या आकड्यातच दिसलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

गणिती:
पहिली गोष्ट, हे नवीन नाहीये. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १९५५ साली उघडलं तेव्हा मोठ्या माणसाला आत जायला १ डॉलर आणि गाडी लावायला २५ सेंट पडायचे. म्हणजे एका माणसाच्या प्रवेशाच्या चौथा हिस्सा पार्किंग! आज डिस्ने वर्ल्डमध्ये स्वस्तातल्या स्वस्त दिवसाचं तिकीटही १०० डॉलरच्या वर आहे आणि पार्किंग २०२३ च्या दराने ३०, शिवाय ते गाडीमागे आहे, माणसामागे नाही, चौघं असाल तर प्रत्येकी साडेसात डॉलर. त्याच पावतीवर त्या दिवशी डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कमध्ये गाडी लावता येते. तुलना करायची तर नीट करा ना.

पायपीट:
@गणिती नीटच करू. १९५५ ला तो १ डॉलर फक्त आत पाय ठेवायचा होता. राईडचं तिकीट प्रत्येक वेळी वेगळं काढावं लागायचं, पुढे ए पासून ई पर्यंत कुपनांची पुस्तकं आली आणि ती पद्धत १९८२ पर्यंत चालली. म्हणजे तेव्हा सगळाच हिशोब 'वापराल त्याचे द्या' असा होता आणि दार जवळजवळ उघडं होतं. मग कुपनं गेली, एकच मोठं तिकीट आलं, आणि आपल्याला सांगितलं की आता यात सगळं आलं. ठीक आहे, ते मोठं तिकीट लोकांनी स्वीकारलं. आता त्या मोठ्या तिकिटाच्या वर पुन्हा एकेक गोष्ट सुटी विकायला काढली. दोन्ही पद्धतींचे पैसे एकाच माणसाकडून घेणं हे मला पटत नाही.
वॉल्टर ओई नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये डिस्नीलँडचंच उदाहरण घेऊन हा प्रश्न मांडला होता, की प्रवेश महाग ठेवून राईड फुकट द्यायच्या की प्रवेश फुकट ठेवून राईडचे घ्यायचे. त्यात प्रवेश पण महाग, आणि तुम्ही गाडीने दारापर्यंत यायचे पण पैसे, हे कुठे होतं?

रांगेतला_माणूस:
फास्टपासचं, म्हणजे डिस्नेच्या राईडची लांब रांग टाळायच्या पासचं, कोणी बोललंच नाही अजून. १९९९ ला सुरू झाला तेव्हा सगळ्यांना फुकट होता, तिकिटात आलेला. एक वेळ घ्यायची, तोवर दुसरीकडे फिरायचं, त्या वेळेला परत यायचं. २०२० ला पार्क बंद झाले तेव्हा तो गेला आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तीच गोष्ट जिनी प्लस नावाने परत आली, डिस्ने वर्ल्डला माणशी रोज १५ डॉलरपासून. पार्किंग निदान गाडीमागे आहे हो, हे माणशी! आणि ह्यात वाईट काय की ज्याने पैसे नाही दिले त्याची रांग जास्त हळू सरकते, कारण पुढच्या सीट दुसऱ्या रांगेला जातात. माझ्या न घेण्याची किंमत पण मलाच, वेळेत.

बसवाली:
मला धाग्याचं मूळ म्हणणंच पटलेलं नाही. मी गाडी चालवत नाही. कुठल्याही पार्कला बसने, ट्रेनने, हॉटेलच्या शटलने जाते. पार्किंग तिकिटात घातलं तर तुमच्या गाडीच्या जागेचे पैसे मी देणार, हो ना? गाडीला जागा लागते, ती जमीन कोणाची तरी असते, तिच्यावर दुसरं काहीतरी होऊ शकलं असतं. डिस्नीलँडचंच बघा, मूळच्या पार्किंगच्या मैदानावर २००१ मध्ये आख्खं दुसरं पार्क उभं राहिलं, आणि गाड्या बहुमजली इमारतीत गेल्या. अशी इमारत बांधायला, तिचे दिवे, लिफ्ट, माणसं, सगळ्याला पैसा लागतो. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे दिवंगत प्राध्यापक डोनाल्ड शूप आयुष्यभर हेच सांगत आले की फुकट पार्किंग असं काही नसतं, ते पैसे बाकीच्या सगळ्या वस्तूंच्या किमतीत लपवलेले असतात आणि गाडी नसलेला माणूसही ते भरतो. तेव्हा वेगळं घेतात तेच बरोबर आहे. उलट अजून घ्या.

धडपडी_आई:
@बसवाली ताई, तुमचं शहरातल्या पार्किंगसाठी शंभर टक्के बरोबर आहे. पण बहुतेक मोठी पार्क हायवेच्या कडेला, गावाबाहेर असतात, तिथे बस एक तर नाही, नाहीतर संध्याकाळी लवकर बंद होते आणि आतिषबाजी संपते रात्री. कडेवर झोपलेलं पोर, एका हातात दुमडलेली बाबागाडी, खांद्यावर ओल्या कपड्यांची पिशवी, असं मी बसस्टॉप शोधत फिरू का? ज्यांना पर्याय आहे त्यांनी गाडी सोडावी म्हणून दर वाढवणं समजू शकते. पण जिथे पर्यायच नाही तिथे दर वाढवून कोणाची सवय बदलणार? तो मग नुसता कर झाला.

लॉटवरचा:
मी एका पार्कच्या पार्किंग लॉटवर काही सीझन काम केलंय, नाव सांगत नाही. थोडं आतलं सांगतो, दोन्ही बाजूंनी वापरा.
लोकांना वाटतं नुसतं डांबर आहे, पैसे कशाचे. तर सकाळी गेट उघडायच्या आधी आम्ही कोन लावून रांगा आखायचो, गाड्या एकामागोमाग सलग भरायच्या, मध्ये जागा सोडू द्यायची नाही नाहीतर दुपारी गोंधळ. कुठली रांग किती वाजता भरली हे कागदावर लिहून ठेवायचो. रात्री लोक येतात, दमलेले, गाडी कुठे लावली काही आठवत नाही, मग विचारायचं की साधारण किती वाजता आलात, आणि त्या कागदावरून रांग काढून द्यायची. जवळपास नेहमी सापडायची. दिवे चालू राहून बॅटरी उतरलेल्या गाड्या रोज असायच्या, त्या जंप देऊन चालू करायच्या, त्याचे वेगळे पैसे नव्हते. लॉटवरून गेटपर्यंत नेणारी ट्राम, तिचे ड्रायव्हर, उन्हात उभी राहणारी पोरं, रात्रीची सिक्युरिटी, हा खर्च खरा आहे.
आता दुसरी बाजू. पुढच्या रांगा 'प्रीफर्ड' म्हणून बंद ठेवायला आम्हाला सांगितलं जायचं. दुपारपर्यंत त्यातल्या अर्ध्या रिकाम्या, आणि त्यांच्या बाजूने म्हातारी माणसं, लहान मुलं मागच्या टोकापासून चालत यायची, कारण ट्रामची फेरी चुकलेली. त्या रिकाम्या रांगेपाशी कोनाजवळ मी उभा राहायचो आणि लोक मला विचारायचे की इथे का नाही लावू दिलं. काय सांगणार? ती जागा मोकळी ठेवायला एक पैसा खर्च येत नव्हता, उलट ती मोकळी दिसली तरच पुढचा माणूस जास्तीचे पैसे देतो. तेव्हा खर्च भरून काढायला पार्किंग घेतात हे अर्धं खरं आहे.

गणिती:
@लॉटवरचा चांगलं लिहिलंत. पण मला सांगा, कंपनीने पैसे कमवू नयेत का? सक्ती कोणाची आहे? थीम पार्क म्हणजे काही दवाखाना किंवा शाळा नाही. परवडत नाही तर जाऊ नये. मार्केट आपोआप सांगतं. सिक्स फ्लॅग्ज या अमेरिकन पार्क-कंपनीने २०२२ मध्ये सवलती कापल्या, दर चढवले, लोक यायचे ते एका वर्षात २ कोटी ७७ लाखांवरून २ कोटी ५ लाखांवर आले. कळला धडा. कायदा, नियम, सरकार कशाला मध्ये आणता?

पायपीट:
सरकार मी अजून आणलंच नव्हतं, पण आता तुम्ही आणलंत तर बोलू. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून कायदा आहे, जाहिरातीत दाखवलेल्या किमतीत सक्तीचे सगळे आकार आलेच पाहिजेत. ब्रिटनमध्येही एप्रिल २०२५ पासून तसंच. पण दोन्हीकडे मेख एकच, शब्द आहे 'सक्तीचे'. पार्किंग कागदावर ऐच्छिक आहे, कारण तुम्ही चालतही येऊ शकता! हायवे ओलांडून, पोरांना घेऊन. लॉकरही ऐच्छिक, कारण तुम्ही बॅग आणलीच नसती तर लागला नसता. म्हणजे ज्या आकारांमुळे माणूस खरा अडकतो ते नेमके कायद्याच्या बाहेर राहतात.
आणि मार्केट सांगेल म्हणता, तर मार्केटला किंमत आधी दिसली पाहिजे ना. १९९८ मध्ये विकी मॉर्विट्झ या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं, किंमत मूळ अधिक वरचा आकार अशी तोडून दाखवली की लोकांच्या डोक्यात एकूण आकडा खऱ्यापेक्षा कमी राहतो. म्हणजे तोडून दाखवणं हे नुसतं सोयीसाठी नाही. दोन पार्कांची तुलना करायला बसलात तर एकाचं तिकीट स्वस्त दिसेल आणि घरी येईपर्यंत तेच महाग पडलेलं असेल.
बसवाली ताईंचा मुद्दा मला मान्य आहे, गाडीवाल्याचे पैसे गाडीवाल्याने द्यावेत. तर मग तिकीट काढताना विचारा, गाडी आणणार का? हो म्हटलं की तिथेच एकूण रक्कम दाखवा, त्या दिवसाचा दर पक्का करा, आणि बूथवर नुसतं स्कॅन. बऱ्याच पार्कांत पार्किंग आधी ऑनलाइन विकत घेता येतंच की, पण ते कुठल्या तरी वेगळ्या पानावर, तिकिटाचे पैसे भरून झाल्यावर. तो प्रश्न एक पान आधी विचारायला काय अडतं?

बसवाली:
असं असेल तर माझी हरकत नाही. फक्त गाडी आणणार नाही म्हटल्यावर माझं तिकीट एका पैशानेही वाढता कामा नये.

जुना_फिरस्ता:
वेगळं न घेताही पार्क चालतात हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अमेरिकेत पेनसिल्वेनियात कनोबेल्स नावाचं पार्क आहे, १९२६ पासून एकाच कुटुंबाचं. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट, राईडला बसाल तिचे द्या. आजी-आजोबा नुसते बाकावर बसून नातवंडांना बघणार असतील तर त्यांचा खर्च शून्य. इंडियानात हॉलिडे वर्ल्ड आहे, तिथे उलटी पद्धत, तिकीट एकच पण पार्किंग त्यातच, सनस्क्रीन फुकट, आणि २००० पासून सॉफ्ट ड्रिंक पण हवं तेवढं फुकट. दोन्ही अजून चालू आहेत, दोन्हीत गर्दी असते. तेव्हा 'याशिवाय परवडत नाही' हे मला कोणी सांगू नये.

गणिती:
ती छोटी पार्क आहेत, कुटुंबाच्या मालकीची, त्यांना दर तीन महिन्यांनी शेअरहोल्डरला आकडे दाखवायचे नसतात. डिस्नेच्या पार्क आणि क्रूझ विभागातून कंपनीच्या एकूण ऑपरेटिंग नफ्याचा निम्म्याहून जास्त हिस्सा येतो. नवीन राईड बांधायला लागणारा पैसा पण तिथूनच येतो. फुकट पार्किंग देऊन तुम्हाला नवीन राईड पण हवी, असं दोन्ही कसं जमेल.

धडपडी_आई:
@गणिती भाऊ, फुकट कोणी मागितलंच नाहीये, वर परत वाचा. आधी सांगा म्हणतोय. आणि ओरडून काही होत नाही असं नाही. डिस्ने वर्ल्डने २०१८ मध्ये स्वतःच्याच हॉटेलात राहणाऱ्यांकडून रात्रीच्या पार्किंगचे पैसे घ्यायला सुरुवात केली होती, आधीच महाग खोली, तिच्यावर रोज हे. लोक वर्षानुवर्षं तक्रार करत राहिले आणि जानेवारी २०२३ मध्ये ते काढून टाकलं. कंपनी बुडली नाही.

लॉटवरचा:
बूथचं एक राहिलं. आमच्याकडे गाडी थांबली की सगळ्यात जास्त वेळ पैसे घेण्यात जायचा नाही, किती झाले ते समजावण्यात जायचा. साधं किती, पुढचं किती, पास चालतो का, कॅश का नाही घेत. आधी भरून आलेला माणूस काच पूर्ण खाली करायच्या आत पुढे जायचा. त्यामुळे पायपीट म्हणतायत तसं आधीच घेतलं तर पार्कचीही माणसं वाचतील, रांग हायवेपर्यंत जायची ती जाणार नाही. मी हे आमच्या सुपरवायझरला बोललो होतो. तो म्हणाला की एकूण आकडा आधी दिसला तर तिकिटं कमी खपतात असं वरच्यांचं मत आहे.

रांगेतला_माणूस:
@लॉटवरचा हे तुम्ही सगळ्यात शेवटी सांगताय! म्हणजे सगळा प्रश्न खर्चाचा नव्हताच.

गणिती:
एका सुपरवायझरच्या ऐकीव मतावरून सगळ्या धंद्याला दोषी धरू नका. पण तिकीट काढताना गाडीचं विचारावं, याला माझा विरोध नाही. दर किती असावा ते मात्र पार्कनेच ठरवावं, तिथे मी ठाम आहे.

पायपीट:
दर त्यांनी ठरवावा, हरकत नाही. मी तो पैसे भरायच्या आधी बघणार, महाग वाटला तर त्या दिवशी जाणार नाही. आता लॉकरचं कोणीतरी बोला, कारण बॅग नेऊ न देणं हा नियम पार्कचा आहे आणि तिथे बसने आलेली माणसंही सुटत नाहीत.