मदत हवी आहे : बडोद्यात दत्तक घेतलेली दांडगी कुत्री

नमस्कार मंडळी! आम्ही दांडिया बाजारात राहतो. रस्त्यावरून सोडवलेली, साधारण वर्षाची गावठी कुत्री नुकतीच दत्तक घेतली. नसबंदी, रेबीजची लस झालेली. लाघवी आहे, पण नुसतं वारा प्यालेलं वासरू! सकाळी कमाटी बागेच्या बाजूला फिरवून आणलं तरी उशी फाडून कापूस घरभर. खार दिसली की असा हिसका देते की पट्टा धरणाऱ्याचा खांदा निखळावा. (सासूबाई तिला गुपचूप तूप-पोळी चारतात, ते वेगळंच.)

दुपारी डांबर तापतं, पंजे भाजतील म्हणून बाहेर नेत नाही. मग घरातल्या घरात दमवायचं कसं? खाऊ लपवून हुंगून शोधायला लावायचा खेळ कुणी करून पाहिलाय का? आणि नवरात्रात गरब्याचे भोंगे सुरू होण्याआधी आवाजाची सवय कशी लावावी? मारझोड न करणारा प्रशिक्षक माहीत असेल तर जरूर सुचवा.