पंधरा हजारांचं काम: क्लेम टाकू की खिशातून भरू?

लोकमान्यनगर_सई
नमस्कार मंडळी. अनंत चतुर्दशीच्या रात्री इथे इंदुरात झांक्यांच्या (सजवलेल्या देखाव्यांच्या) मिरवणुकीमुळे रस्ते बंद होते, म्हणून गाडी स्नेहलतागंजात आत्याच्या गल्लीत लावून आम्ही पायी गेलो. सकाळी बघते तर डावीकडचं मागचं दार आणि त्याला लागून असलेला पत्रा चांगला हातभर घासलेला, दाराला खाली पोचा, आणि बंपर एका बाजूने क्लिपांतून निघून लोंबतोय. आत्या म्हणते पहाटेपर्यंत लोडिंग रिक्षांची ये-जा चालू होती. गल्लीत कॅमेरा एकच, तोही दुकानदाराने स्वतःच्या शटरकडे तोंड करून लावलेला. म्हणजे ठोकणारा काही सापडत नाही.

गाडी स्विफ्ट पेट्रोल, ११९७ सीसी, पाचवं वर्ष चालू. आजवर एकही क्लेम नाही, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) ४५ टक्के, नोव्हेंबरात रिन्यूअल. झिरो डेप (भागांवर घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलेलं नाही. वर्कशॉपचं एस्टिमेट १५,८००: नवा बंपर ३,६००, डेंटिंग नि मजुरी ३,२००, तीन पॅनलचं पेंटिंग ९,०००. तिथला मुलगा म्हणतो, "मॅडम, क्लेममध्ये करून घ्या, उजवीकडचे जुने चरे पण त्यातच बसवून देतो." आमचे हे म्हणतात क्लेम टाकूया, सासरे म्हणतात अजिबात नको. घरात दोन पक्ष पडलेत. तुम्ही काय कराल?

पलासियाचा_भिया
टाका बिनधास्त. नाहीतर दरवर्षी प्रीमियम कंपनीला दिवाळी म्हणून देतो का आपण? आणि एनसीबीचं काय एवढं, नोव्हेंबरात दुसऱ्या कंपनीकडे जा, फॉर्मवर क्लेम 'नाही' लिहा. कोण बघतंय.

जुना_सर्व्हेअर
भिया, बघतात. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते. खोटा एनसीबी घेतलेला उघडकीला आला तर पुढचा मोठा क्लेम अडकतो, आणि तो पंधरा हजारांचा नसतो.

सईताई, आधी त्या वर्कशॉपच्या मुलाचं बोलू. उजवीकडचे चरे वेगळ्या दिवशी पडलेत, म्हणजे तो वेगळा क्लेम. एकाच घटनेत दोन्ही बाजू दाखवल्या तर कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला पहिल्या नजरेत कळतं. जुन्या चऱ्यात धूळ नि पॉलिश बसलेलं असतं, कडा गुळगुळीत झालेल्या असतात. ताज्या ओरखड्यात ठोकणाऱ्या गाडीचा रंगही लागलेला दिसतो. आणि क्लेम फॉर्मवर सही तुमची असते, त्या मुलाची नाही.

आता हिशेब. १५,८०० चे १५,८०० मिळत नाहीत. झिरो डेप नसल्यामुळे प्लास्टिकच्या भागावर घसारा ५० टक्के, म्हणजे बंपरचे १,८०० तुमचे. पेंटिंगच्या एकूण बिलातला पाव हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याचा निम्मा कापतात: ९,००० वर १,१२५. पत्रा बदलायचा नाही, नुसता ठोकून सरळ करायचा, म्हणून तिथे घसारा नाही. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट, जिला वर्कशॉपवाले फाइल चार्ज म्हणतात. एकूण ३,९२५ तुमच्या खिशातून, ११,८७५ कंपनीचे.

या ११,८७५ साठी काय सोडताय ते बघा. क्लेम न करता २०, २५, ३५, ४५, ५० अशी पाच वर्षांत एनसीबी चढते, आणि एका क्लेमने थेट शून्यावर येते. सूट फक्त ओडी प्रीमियमवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर, थर्ड पार्टीवर नाही. क्लेम नाही टाकला तर दरवर्षी ५० मिळत राहणार. टाकला तर रिन्यूअलला शून्य, मग परत २० पासून चढण. फरक ५०, ३०, २५, १५, ५ असा पडत जातो, बेरीज १२५ टक्के. सगळ्या वर्षांचा मिळून ओडी प्रीमियमच्या सव्वापट तोटा. एनसीबी वजा करण्याआधीचा तुमचा ओडी किती आहे?

लोकमान्यनगर_सई
पॉलिसीवर साधारण १०,००० दिसतोय. म्हणजे १२,५००?

जुना_सर्व्हेअर
वर १८ टक्के जीएसटी. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, उतरते तसा ओडीही उतरतो, म्हणून एकूण चौदा हजारांच्या आसपास धरा. ११,८७५ घेऊन चौदा हजार घालवायचे नाहीत. सासरे बरोबर.

लोकमान्यनगर_सई
सासऱ्यांना हे वाचून दाखवलं, आता दिवसभर ऐकावं लागणार 😀 पण ही गाडी आम्ही पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला विकून नवी घेणार आहोत. मग पाच वर्षांचा हिशेब कशाला?

जुना_सर्व्हेअर
हे आधी सांगायचं होतं! एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते. जुनी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीचा ओडी समजा २५,००० असला, तर ५० टक्के म्हणजे पहिल्याच वर्षी १२,५०० वाचले, जीएसटी वेगळा. मग तर क्लेमचं नावही काढू नका. फक्त पॉलिसी नि नवी गाडी एकाच माणसाच्या नावावर हवी.

लोकमान्यनगर_सई
इथेच घोळ आहे. स्विफ्ट सासऱ्यांच्या नावावर, नवी माझ्या नावावर घ्यायची ठरली आहे. कर्जही माझ्या पगारावर.

जुना_सर्व्हेअर
मग सगळं उलटं! सासऱ्यांची एनसीबी तुमच्या नव्या गाडीला लागणार नाही, आणि त्यांना दुसरी गाडी घ्यायची नसेल तर ती तशीच वाया जाईल. क्लेम टाकलात तर तोटा फक्त या नोव्हेंबरच्या रिन्यूअलचा: ५,००० अधिक जीएसटी, ५,९०० रुपये. आणि हातात ११,८७५. या परिस्थितीत मी क्लेम टाकला असता, फक्त डाव्या बाजूचा. दुरुस्तीला हात लावण्याआधी कंपनीला कळवा आणि सर्व्हे होऊ द्या. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं मत त्यांच्या गाडीपुरतं बरोबरच होतं.

नवलखा_गॅरेजवाला
मध्येच बोलतो. फोटो टाका ना. क्लिपा तुटून बंपर लोंबत असेल आणि चिरला नसेल तर नवा कशाला? क्लिपा बदलून, रंगवून बसतो. आमच्याकडे अशी दोन पॅनल आणि बंपर साडेआठ हजारांपर्यंत होतं. सर्व्हेअर साहेबांच्या हिशेबात क्लेमचा खरा खर्च ३,९२५ अधिक ५,९००, म्हणजे ९,८२५ झाला की.

जुना_सर्व्हेअर
बेरीज बरोबर आहे तुमची. रंग मात्र भट्टीत सुकवता की उन्हात, ते ताईंना सांगा.

नवलखा_गॅरेजवाला
बूथ आहे साहेब. पांढरी गाडी असेल तर शेड जुळवायला एक दिवस जास्त.

लोकमान्यनगर_सई
लाल आहे. बंपरला मधे चीर नाही, फक्त कोपऱ्यात एक कान तुटलाय. शनिवारी गाडी घेऊन येते, बघून नक्की आकडा सांगा. साडेआठच्या वर गेलात तर सोमवारी कंपनीला फोन करणार.